बॅरिएट्रिक (वजन उतरवायच्या) ऑपरेशननंतर कोलेस्टेरॉलची गोळी सुटते का? ट्रायग्लिसराइड, एलडीएल आणि 'स्लो मेटाबोलिझम'बद्दल जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मिस्टर ४३ वर्षांचे, वजन ११२ किलो, उंची ५ फूट ७ इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३८ च्या वर. डायबेटीस ६ वर्षं, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ८.२. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, असं: टोटल कोलेस्टेरॉल २५७, ट्रायग्लिसराइड ३९०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३१, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १४८. सासऱ्यांना ५१ व्या वर्षी स्टेंट पडलाय. सर्जन म्हणतायत स्लीव्ह करू, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते बारीक करायचं. आणि तुमचे प्रश्न तीन: कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद होतील का, स्लीव्ह बरं की बायपास (हार्टचं नाही, जठर छोटं करून आतड्याचा काही भाग वगळायचं), आणि कुणीतरी सांगितलंय की या ऑपरेशनने मेटाबोलिझम कायमचा बसतो आणि मग वजन दुप्पट वेगाने परत येतं, ते खरं का.

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. ऑपरेशन थिएटरच्या आतलं काम माझं नाही, पण आधीची तयारी आणि नंतरची कित्येक वर्षं हे पेशंट आमच्याच ओपीडीत असतात, त्यामुळे रिपोर्टचं काय होतं ते भरपूर बघितलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की 'कोलेस्टेरॉल' म्हणजे एकच काहीतरी आहे आणि वजन उतरलं की तेही उतरतं. मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये दोन वेगवेगळे आजार शेजारी शेजारी बसलेत. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, हा एक. एलडीएल जास्त, हा दुसरा. पहिल्यावर ऑपरेशन जबरदस्त काम करतं. दुसऱ्यावर काम करेल की नाही हे कुठलं ऑपरेशन केलं त्यावर ठरतं, आणि नुसत्या वजनाशी त्याचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. घोळ होतो तो इथेच.

पहिला आजार बघू. पोटात, लिव्हरच्या आजूबाजूला आणि खुद्द लिव्हरमध्ये चरबी साठली की इन्सुलिन नीट काम करत नाही. इन्सुलिनचं एक काम असतं चरबीच्या पेशींना सांगणं की बाई आता फॅट सोडू नकोस, ते ऐकलं जात नाही, मग रात्रंदिवस फॅटी ॲसिड रक्तात येत राहतात, लिव्हर ती उचलतं, त्यांचं ट्रायग्लिसराइड बनवतं आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून परत रक्तात सोडतं. हे कण जास्त झाले की ते एचडीएलशी अदलाबदल करतात, आपलं ट्रायग्लिसराइड त्याला देतात आणि त्याचं कोलेस्टेरॉल घेतात, आणि असं ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल शरीर लवकर मोडीत काढतं. म्हणून ३९० आणि ३१ हे आकडे जोडीने येतात. एचडीएल वाढवायला म्हणून अक्रोड खा, अमुक तेल वापरा वगैरे जे चालू असतं त्याने फार काही हलत नाही, कारण मूळ दुखणं लिव्हरमध्ये आहे.

आपल्याकडे ही जोडी फार दिसते, आणि ती फक्त शंभर किलोवाल्यांत दिसते असंही नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सेम, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मेडिकलवाले त्याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. वरून सडपातळ आणि आतून चरबी. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार करायची पातळी बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणलीये. मिस्टर त्या हिशोबाने कुठल्याही व्याख्येत बसतात, तो प्रश्नच नाही.

आता ऑपरेशनने काय होतं. पहिल्या आठवड्यात माणूस जवळजवळ उपाशी असतो, आणि लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी निघते. २०११ मध्ये न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या टीमने डायबेटीसच्या ११ जणांना दिवसाला साधारण ६०० कॅलरीवर ठेवलं होतं, ऑपरेशन वगैरे काही नाही, तर सात दिवसांत लिव्हरची चरबी सुमारे ३० टक्के कमी आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मल. म्हणजे ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी साखर खाली आली की लोक चमत्कार म्हणतात, त्यातला मोठा वाटा नुसत्या कमी खाण्याचा आहे. फरक असा की ६०० कॅलरीवर घरी कोण किती दिवस राहणार? ऑपरेशन ते शक्य करतं. जेवण पटकन खालच्या आतड्यात पोचतं, तिथून जीएलपी-वन आणि पीवायवाय ही पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स भरपूर सुटतात, आणि स्लीव्हमध्ये जठराचा जो साधारण ८० टक्के भाग काढून टाकतात त्यात भुकेचं हार्मोन घ्रेलिन बनवणाऱ्या पेशी खूप असतात, त्या जातात. माणूस दात-ओठ खाऊन कमी जेवत नाही, त्याला खरंच भूक कमी लागते.

ट्रायग्लिसराइडसाठी आकडा हवा असेल तर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा स्टॅम्पीड नावाचा अभ्यास आहे, सगळे डायबेटीसचे पेशंट, १५० जण, पाच वर्षांचे निकाल २०१७ मध्ये आले. पाच वर्षांनी ट्रायग्लिसराइड बायपासवाल्यांचं ४० टक्के कमी, स्लीव्हवाल्यांचं २९ टक्के, आणि फक्त औषधं चालू असलेल्यांचं ८ टक्के. एचडीएल अनुक्रमे ३२, ३० आणि ७ टक्के वर. एचडीएल ३० टक्के वाढवणारी आणि वर हार्टला फायदा करणारी गोळी आजच्या तारखेला बाजारात नाहीये, त्यामुळे हे छोटं समजू नका.

पण वेळ कळली पाहिजे. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी फाइल घेऊन येणाऱ्यांचे चेहरे मला पाठ झालेत. वजन २० किलो उतरलेलं, पँट हातात धरून चालतायत, आणि तरी घाबरलेले, कारण एचडीएल ३१ चं २९ झालंय आणि एलडीएल तिथल्या तिथे आहे. वजन वेगाने उतरत असताना एचडीएल आधी थोडं खालीच जातं. वजन स्थिरावायला लागलं की मग चढतं, आणि बऱ्याच जणांत वर्षभराने खरा आकडा दिसतो. तीन महिन्यांच्या एचडीएलवरून ऑपरेशन फुकट गेलं असं ठरवू नका.

आणि एलडीएल 'हललंच नाही' याचं एक साधं गणित आहे जे लॅबच्या कागदावर कुणी समजावत नाही. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. टोटलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून तेही वजा. मिस्टरांचं करून बघा: २५७ वजा ३१ वजा ७८, बरोबर १४८. आता समजा सहा महिन्यांनी टोटल २१० आलं, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड १५०. २१० वजा ३४ वजा ३०, म्हणजे १४६. एलडीएल जागेवरच! पण टोटलमधून फक्त एचडीएल वजा केलंत, ज्याला नॉन-एचडीएल म्हणतात, तर आधी २२६ होतं आणि आता १७६. रक्तवाहिन्यांत घुसणारा माल ५० ने कमी झालाय आणि कागदावर मात्र काहीच झालं नाही असं दिसतंय. शिवाय ट्रायग्लिसराइड ४०० च्या जवळ असताना हा हिशोबच भरवशाचा राहत नाही, तेव्हा आजच्या १४८ वरही फार विसंबू नका. लॅबला डायरेक्ट एलडीएल करायला सांगा, परवडत असेल तर अपोबी (एलडीएलसारखे कण किती आहेत ते सांगणारी टेस्ट) करा, नाहीतर नॉन-एचडीएल घरी कागदावर काढा, फुकट आहे.

आता दुसरा आजार, खरं एलडीएल. इथे वजनापेक्षा आतड्याचा प्लंबिंगचा प्रश्न येतो. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताची आम्लं बनवतं, ती आतड्यात जाऊन तेल-तूप पचवायला मदत करतात आणि छोट्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला पुन्हा शोषली जाऊन लिव्हरकडे येतात, डबेवाल्याने रिकामा डबा घरी परत आणावा तशी, आणि हाच डबा दिवसात कितीतरी वेळा फिरतो. तो परत आलाच नाही तर लिव्हरला नवीन डबे करावे लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते लिव्हर रक्तातल्या एलडीएलमधून खेचतं. हे फक्त पुस्तकात नाहीये. अमेरिकेत मिनेसोटाच्या हेन्री बुकवाल्ड यांनी १९६३ पासून नेमकं हेच ऑपरेशन केलं, आतड्याचा शेवटचा भाग बायपास करायचा, वजनासाठी नाही तर फक्त कोलेस्टेरॉलसाठी. मग पॉश नावाची मोठी ट्रायल झाली, एकदा हार्ट अटॅक येऊन वाचलेले ८३८ जण, निकाल १९९० मध्ये आले: एलडीएल साधारण ३८ टक्के कमी, आणि हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक हे मिळून ३५ टक्के कमी. एलडीएल खाली आणलं की हार्ट वाचतं याचे जे पहिले भक्कम पुरावे मिळाले त्यात ही सर्जरीची ट्रायल आहे, हे आमच्यातल्याही अनेकांना माहीत नसतं. पण तोवर, १९८७ पासून, पहिलं स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी गोळी, अमेरिकेत बाजारात आलं होतं. जे काम रोजची एक गोळी करते त्यासाठी पोट कोण उघडेल? ते ऑपरेशन मागे पडलं.

यातून तुमच्या स्लीव्ह की बायपासचं उत्तर निघतं. स्लीव्हमध्ये जठर बारीक होतं, आतड्याला हात लागत नाही, म्हणून ट्रायग्लिसराइड छान उतरतं आणि एलडीएल जवळपास होतं तिथेच राहतं. बायपासमध्ये जेवण आणि पित्त यांची भेट आतड्यात पुढे जाऊन होते, कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं, एलडीएल बऱ्यापैकी उतरतं. आपल्याकडे जे 'मिनी बायपास' खूप होतं त्यात जास्त लांबीचं आतडं वगळतात, तिथे परिणाम अजून थोडा जास्त. पण जितकं आतडं वगळाल तितकी आयर्न, बी१२, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी यांची उधारी वाढत जाते आणि ती जन्मभर फेडायची असते. माझं मत स्पष्ट आहे: एलडीएल उतरावं म्हणून बायपास निवडू नका. त्यासाठी स्वस्त आणि चांगली गोळी आहे. सहा वर्षांचा डायबेटीस, ॲसिडिटी किती आहे, एंडोस्कोपीत काय दिसलं, तंबाखू-सिगरेट आहे का (बायपासनंतर तंबाखू म्हणजे जठर-आतड्याच्या जोडावर अल्सरला आमंत्रण), दर वर्षी रक्त तपासायला माणूस खरंच येणार आहे का, यावर निवडा. आधीच छातीत जळजळ असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, हे सर्जनला तोंडावर विचारा. डायबेटीससाठी माझा कल थोडा बायपासकडे जातो, पण स्लीव्ह म्हणणारे सर्जन चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही.

मग गोळ्या बंद होतील का? ट्रायग्लिसराइडची, म्हणजे फेनोफायब्रेट, बहुतेकांची सुटते. ते चालू असेल तर ऑपरेशनच्या आसपास ते थांबवायचं का हेही विचारून घ्या, कारण वजन वेगाने उतरताना चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं आणि पित्ताशयात खडे होतात, फायब्रेटनेही खड्यांचा धोका वाढतो, दोन्ही एकदम कशाला. खडे टाळायला उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड सहा महिने देतात, नेहमीचा डोस ३०० मिलीग्रॅम दोन वेळा. चिठ्ठीवर हे दिसलं की लोक 'ही लिव्हरची गोळी कशाला' म्हणून महिन्याभरात बंद करतात, आणि मग सहाव्या महिन्यात पोटात कळ घेऊन येतात. बंद करू नका.

स्टॅटिनचं वेगळं आहे. मिस्टरांना डायबेटीस आहे, वय चाळिशीच्या पुढे, वडिलांना ५१ व्या वर्षी स्टेंट. अशा माणसाचं स्टॅटिन मी वजन ११२ चं ७८ झालं तरी सहसा थांबवत नाही. बीपीची गोळी सुटली, इन्सुलिन सुटलं, मग उत्साहात हीसुद्धा सोडून देतात आणि वर्षभराने एलडीएल १६० घेऊन येतात, त्यात बिचाऱ्यांना आपण आता बरे झालो असं वाटत असतं. घराण्यातून आलेलं एलडीएल असेल, म्हणजे भावा-बहिणींचंही १९० च्या वर, तर ऑपरेशनने ते बरं होत नाही. आणि ऑपरेशननंतर गोळ्यांचं शोषण बदलतं, कुणाचं वाढतं कुणाचं घटतं, म्हणून डोस जुन्याच अंदाजाने चालू न ठेवता रिपोर्ट बघून ठरवायचा.

डायबेटीसच्या गोळ्यांबद्दल मात्र उलटी घाई लागते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन जुन्याच डोसने चालू ठेवलं आणि पोटात दोन घोट ताक, तर साखर धाडकन खाली येईल. डापाग्लिफ्लोझिनसारखी 'ग्लिफ्लोझिन' गटातली गोळी असेल तर ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असताना कीटोॲसिडोसिस (रक्तात घातक आम्ल साठणं) होऊ शकतो. ॲनेस्थेशियावाल्या डॉक्टरांना गोळ्यांची पूर्ण यादी द्या, पाकिटांसकट.

आता मेटाबोलिझम. 'कायमचा बसतो' हे अर्धं खरं आहे. ७८ किलोचं शरीर ११२ किलोच्या शरीराइतकं इंधन जाळणार नाही, ही बिघाडाची गोष्ट नाही, शरीर लहान झालंय. पण त्याशिवाय एक खरी कंजुषीही असते, वजन उतरलं की शरीर हिशोबापेक्षाही कमी जाळायला लागतं. अमेरिकेत वजन उतरवायची स्पर्धा दाखवणारा एक टीव्ही शो होता, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, २०१६ चा अभ्यास, तर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला जवळपास ५०० कॅलरी कमी जाळत होतं, आणि बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. तुम्हाला जे कुणी सांगितलंय त्याचं मूळ अशा बातम्यांत असावं. पण ते डाएट आणि तुफान व्यायामाने उतरलेले लोक. डाएटने उतरलं की घ्रेलिन वाढतं, भूक वखवखते, आणि वर जाळणंही कमी, दोन्हीकडून मार. ऑपरेशनमध्ये कंजुषी सुरुवातीला दिसते, वर्षभरात बरीच निवळते, आणि मुख्य म्हणजे भूक उलटी वाढत नाही. म्हणून वजन टिकतं. पूर्ण टिकतं असं नाही, दोन-तीन वर्षांनी थोडं परत चढतं जवळपास सगळ्यांचं, पण दुप्पट वेगाने वगैरे नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेल्या सुमारे दोन हजार लोकांचा तितक्याच बिनऑपरेशनवाल्यांच्या शेजारी ठेवून पाठपुरावा केलाय, त्यात वर्षांनुवर्षं वजनातला फरक टिकला आणि हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी झाले.

मेटाबोलिझम खरा मार खातो तो स्नायू गेल्यामुळे. उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. शाकाहारी घरात हा प्रश्न फार मोठा आहे. पहिल्या दोन आठवड्यांत सगळं पातळच असतं, तेव्हा घरचे प्रेमाने वरणाचं वरचं पाणी गाळून देतात आणि समजतात प्रोटीन गेलं. त्यात प्रोटीन नावालाच असतं! दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं, आणि एका वेळी वाटीभर जेवण जात नाही तिथे ते पावडरशिवाय होत नाही सुरुवातीला. नंतर चक्का, पनीर, सोया, अंडं-मासे चालत असतील तर उत्तम, आणि ताटात आधी ते, मग भाजी, भात-भाकरी शेवटी उरली जागा तर. दीड-दोन महिन्यांनी सर्जन हो म्हणाले की वजनं उचलायला लावा, नुसतं चालणं पुरत नाही.

आणि ट्रायग्लिसराइड परत चढलेलं दिसलं की मी पहिले दोन प्रश्न विचारते: दारू किती, आणि पातळ गोड किती. स्लीव्हमधून दोन पोळ्या जाणार नाहीत, पण आमरस, उसाचा रस, आइस्क्रीम सरळ उतरतं, अडत नाही. चहाबरोबर खारी, टीव्हीसमोर फरसाण, थोडं थोडं दिवसभर. वजन जेमतेम ३-४ किलो चढलेलं असतं पण ट्रायग्लिसराइड १४० चं २६० झालेलं असतं, वजनकाट्याच्या आधी रक्त बोलतं. दारूबद्दल तर वेगळंच सांगते, ऑपरेशननंतर, बायपासनंतर तर नक्कीच, ती पटकन आणि जास्त चढते, दोन पेगचा जुना हिशोब चालत नाही.

तुमच्यासाठी क्रम सांगते. ऑपरेशनच्या आधी फास्टिंग लिपिड पुन्हा एकदा, यावेळी डायरेक्ट एलडीएलसकट, टीएसएच (थायरॉइड कमी असेल तर एलडीएल आणि वजन दोन्हीला तेही कारण असू शकतं), लिव्हरची सोनोग्राफी, आणि वडिलांचा स्टेंट लवकर पडलाय म्हणून लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) आयुष्यात एकदा करून ठेवा, ते जन्मजात असतं, वजन उतरूनही फारसं हलत नाही, आणि जास्त निघालं तर स्टॅटिन सोडण्याचा विषयच संपतो. आधीच्या दोन आठवड्यांचं कमी कॅलरीचं डाएट मनापासून करा, लिव्हरचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, तो आकसला की सर्जनला जागा मिळते. नंतर लिपिड तीन, सहा, बारा महिन्यांनी, मग दर वर्षी, त्याच लॅबमध्ये. अशा फॅमिली हिस्टरीला मी एलडीएल ७० च्या खाली ठेवते, उद्या हार्टच्या नळ्यांत ब्लॉकेज निघालं तर ५५ च्या खाली. नवे रिपोर्ट आले की आकडे टाका, एंडोस्कोपीचाही रिपोर्ट टाका, मग स्लीव्हबद्दल अजून नेमकं बोलता येईल.